गोलावर कुणी उभं राहू नये

थोरल्या घरात पुढच्या दाराने मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझं वय एकाहत्तर होतं. त्याआधी सव्वीस वर्षं मी त्याच आवारात काम केलं, पण ते मागच्या फाटकाने येऊन मागच्या फाटकाने जाणं. स्वयंपाकघराच्या पायरीच्या आत माझं पाऊल कधी पडलं नव्हतं. आता घराला मालक उरले नव्हते. घर आणि बाग एका संस्थेकडे गेली होती आणि तिकीट काढलं की कुणालाही सगळ्या खोल्यांतून फिरता येत होतं. आम्हाला तिकीटही पडलं नाही. खिडकीतल्या बाईने लेकीच्या आणि माझ्या पदरावर ‘पाहुणे’ अशी चिठ्ठी चिकटवली आणि म्हणाली, “दोरीमामांच्या घरच्या ना तुम्ही? आज तुमचाच दिवस.”

दोरीमामा म्हणजे आमचे हे. थोरल्या घराचे मुख्य माळी. ताटवा असो की पायवाट, आधी दोन खुंट्या ठोकून दोरी ताणायची आणि मगच कुदळ लावायची, हा त्यांचा नेम. म्हणून आवारातल्या लोकांनी त्यांना दोरीमामा केलं आणि ओघाने मी मामी झाले. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. घरासमोरची मोठी हिरवळ त्यांच्या हातची. तिला त्यांचं नाव द्यायचं संस्थेने ठरवलं होतं. अकरा वाजता पाटीवरचं कापड काढायचं, लेकीने चार शब्द बोलायचे आणि तिच्या शाळेतल्या मुलींनी गाणं म्हणायचं, असा बेत होता.

लेक मुख्याध्यापिका आहे. येताना गाडीत तिने भाषणाचा कागद मला दोनदा वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं, ‘माझ्या वडिलांनी आयुष्यात एकही रेघ वाकडी मारली नाही.’ ती ते वाचायला लागली की मी बाहेर बघायची.

“आवडलं नाही का तुला?” तिने विचारलं.

“छान आहे,” मी म्हटलं. “जरा लांबलंय.”

कार्यक्रमाला वेळ होता म्हणून आधी घर बघून घेऊ असं ठरलं. माहिती सांगणारी बाई हातात काठी घेऊन पुढे आणि आम्ही दहाबारा माणसं मागे. जेवणाच्या दालनात चोवीस माणसांचं टेबल मांडलेलं होतं. ताटं, पेले, घड्या घातलेले रुमाल, आणि सगळ्यांपुढे जाड दोर. बाई म्हणाली, “मंडळी रोज संध्याकाळी इथे एकत्र जेवायला बसत.”

“रोज कुठलं?” मी लेकीच्या कानात म्हटलं. “थोरल्या बाई ताट खोलीत मागवायच्या आणि साहेब स्वयंपाकघरात उभ्याउभ्या जेवायचे. भाजी द्यायला जायचे तेव्हा या डोळ्यांनी बघितलंय.”

“आई, गप्प बस. नाहीतर काठी तुझ्याच हातात देतील.”

ती हसत होती. त्या दिवशीचं तिचं हसणं मला आठवतं ते एवढंच.

वरच्या मजल्यावर थोरल्या बाईंची खोली होती. पलंग इतका उंच की चढायला दोन पायऱ्यांची चौकी. मी म्हटलं, झोपेत पडली बाई तर कंबरच मोडायची. मागच्या कुणीतरी खुसखुसलं. आरसा, पंखे, भिंतीवर कुत्र्याचं चित्र. माहिती सांगणारी बाई म्हणाली, “या खिडकीतून बागेचा सगळ्यात सुंदर देखावा दिसतो, एकेकाने या.” माझी पाळी आली. मी खिडकीशी गेले आणि खाली बघितलं.

हिरवळ होती तशीच होती. कडेच्या रेघा दोरीने आखलेल्या. बरोबर मधोमध लाकडी फळ्यांचं आणि लोखंडी पायांचं व्यासपीठ उभं केलं होतं. पुढे खुर्च्यांच्या रांगा. आणि व्यासपीठाच्या चारी बाजूंना गवतात एक गोल दिसत होता. आठ हात रुंदीचा, पिवळट. बाकी हिरवळ हिरवीगार आणि तेवढाच तुकडा सुकलेला. जमिनीवरून तो पाहुण्यांना कळला नसता. वरून असा दिसत होता की जणू कुणी परात ठेवून उचलली.

माझे हात खिडकीच्या चौकटीला चिकटले. मागची बाई म्हणाली, “आजी, झालं का? आम्हालाही बघू द्या.”

त्या गोलाखाली विहीर आहे. सहा पुरुष खोल, बांधीव, पाण्याची. ती भरलेली नाही. हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं आणि त्यातलं एक गेलं होतं.

शेहेचाळीस वर्षांपूर्वी थोरल्या बाईंच्या मुलीचं लग्न ठरलं. पाहुण्यांसाठी घरासमोर सलग हिरवळ हवी आणि मध्ये ही विहीर. बाई म्हणाल्या, बुजवून टाका. अकरा दिवस हाताशी होते. त्याच सुमाराला आवारातला घोड्यांचा जुना तबेला पाडला होता. त्याचे दगड विहिरीत टाका, वर मुरूम, वर माती, असं कारभाऱ्यांनी सांगितलं आणि ते साहेबांबरोबर गावाला निघून गेले. आम्ही तेव्हा रोपवाटिकेमागच्या पत्र्याच्या खोपटात राहत होतो. मला पाचवा महिना होता. जवळच आमचा स्वतःचा जागेचा तुकडा होता, पण त्यावर घर बांधायला दगड नव्हता. ह्यांनी तबेल्याचे थोडे दगड मागितले होते. कारभारी म्हणाले होते, “माळ्याला घडीव दगड कशाला? कुंडीत लावणार का?”

ते बोलणं ह्यांना फार लागलं.

मग काय झालं ते सांगते. दगडांच्या गाड्या हे एकटेच हाकायचे. त्या विहिरीकडे म्हणून निघायच्या आणि मागच्या फाटकाने आमच्या जागेवर रित्या व्हायच्या. विहिरीचा काठ दोन हात खाली उतरवून ह्यांनी त्यावर तबेल्याच्याच तुळया आडव्या टाकल्या. तुळयांवर फरश्या, फरश्यांवर चिकणमाती, मग माती. माती मी वाहिली. शेवटी मुळासकट कापलेले गवताचे चौकोन मीच शेजारीशेजारी बसवले आणि हाताने थापले. लग्न झालं. पाहुण्यांनी हिरवळीचं कौतुक केलं. आमच्या घराचं जोतं तबेल्याच्या दगडाचं झालं. लेक त्याच घरात जन्मली.

त्यानंतर काम सुटेपर्यंत तीस वर्षं ह्यांनी त्या गोलाची राखण केली. गवत कापायला त्यावर हलकं यंत्र. गवत दाबायचा मोठा रूळ आला की तो स्वतः वळवून बाजूने न्यायचा. तंबूचा खांब तिथे ठोकू द्यायचा नाही. मालकांना सांगायचे, जुनी विहीर आहे, माती अजून बसतेय, वजन नको. खाली फरश्या असल्याने तिथे मातीत ओल राहायची नाही, म्हणून रोज सकाळी दोन झाऱ्या जास्तीच्या. शेवटच्या आजारात मला म्हणाले, “कुणाला सांगू नकोस. पण त्या गोलावर कुणी उभं राहू नये, तेवढं बघ.”

सांगायचं नाही आणि उभंही राहू द्यायचं नाही. हे एका माणसाने कसं करावं ते मात्र सांगून गेले नाहीत. बागेतलं माझं काम त्याच्या कितीतरी आधीच सुटलं होतं. मी नऊ वर्षं घरी बसून मनाची समजूत काढत राहिले. हिरवळीवर जाऊ नये अशी पाटी असते, तिकीट काढून आलेली माणसं कडेकडेने फिरतात, असं मला कुणीतरी सांगितलं होतं. ते मी धरून बसले होते.

खिडकीतून मागे फिरले आणि लेकीला म्हटलं, “मला बागेत जायचंय. आत्ता.”

“अजून दोन खोल्या राहिल्यात.”

“राहू देत.”

खाली बागेच्या मॅडम भेटल्या. हल्लीच्या मुख्य माळी त्याच. गुडघ्यापर्यंत बूट, खिशात कात्री, नखांत माती. मला बघून त्यांनी हात पुढे केला, मग माती बघून मागे घेतला आणि नुसतंच हसल्या. “मामी! तुम्हाला भेटायचं होतंच. तुमच्या मामांनी हिरवळीला काय घातलं होतं हो? बाकीची हिरवळ मखमल आणि मधला तुकडा काही केल्या ऐकत नाही. खत झालं, बी झालं. यंदा तर तिथे अळंबी आल्यात, गोलाने. सकाळीच उपटून टाकल्या, फोटोत नकोत म्हणून.”

बागेत काम केलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. चांगल्या हिरवळीत अळंबी गोलाने येते ती बहुतेक खाली लाकूड कुजायला लागलं की.

“आणि ते व्यासपीठ?” मी विचारलं. “नीट उभं राहिलं का?”

“दोन पाय जरा रुतले. फळ्या दिल्यात खाली. का हो?”

“सहज.”

खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मी लेकीचा हात धरला आणि तिला काचघराच्या मागे घेऊन गेले. तिथे फुटक्या कुंड्यांचा ढीग होता आणि माणसं नव्हती. साडेदहा वाजून गेले होते.

मी तिला सगळं सांगितलं. रडले नाही, थांबले नाही. ती ऐकत होती आणि भाषणाच्या कागदाची घडी घालत होती, उलगडत होती, परत घालत होती.

“बाबा असं करणार नाहीत,” ती म्हणाली.

“केलं. मी होते तिथे.”

“तुझा काहीतरी गोंधळ होतोय, आई. किती वर्षं झाली त्याला.”

“आपल्या जोत्याचे दगड बघ. दुसऱ्या रांगेत एका दगडाला लोखंडी कडं आहे, घोडा बांधायचं. लहानपणी तू त्याला झोका बांधायचीस. माळ्याच्या घराच्या जोत्याला घोड्याचं कडं कशाला असेल?”

ती खाली बसली, एका उपड्या कुंडीवर. मग म्हणाली, “आजच सांगायचं होतं का हे? काल नाही, गेल्या वर्षी नाही. आज?”

“व्यासपीठ आज घातलंय.”

“पत्रिका आली तेव्हा हिरवळीवर कार्यक्रम आहे असं लिहिलं होतं. मी तुला वाचून दाखवलं होतं. तू म्हणालीस, बरं झालं, उघड्यावर हवा असते.”

हे खरं होतं. मला वाटलं होतं, हिरवळीवर म्हणजे कडेला, पाटीजवळ. वाटलं होतं की वाटून घेतलं होतं, ते देव जाणे.

“किती मुली येतायत?” मी विचारलं.

“चोवीस,” ती म्हणाली आणि एकदम उठली. “ऐक. खरं कशाला सांगायला हवं? व्यासपीठ हलवलं म्हणजे झालं ना? मी बघते. तू बोलू नकोस.”

झाकली मूठ सव्वा लाखाची. तिच्या वडिलांचीच लेक ती. मला तिचा राग आला नाही. उलट जरा बरंच वाटलं, याची आता लाज वाटते.

व्यवस्थापक साहेब व्यासपीठापाशीच उभे होते. हातात फाईल, पायात चकचकीत बूट, आणि ते बूट बरोबर गोलाच्या आत. लेक म्हणाली, “साहेब, आईला ऊन सोसत नाही. व्यासपीठ तेवढं कडेच्या झाडाखाली घेता येईल का?”

“आजींना छत्री धरू की! माणूस उभा करतो.”

“मुलींनाही ऊन लागेल.”

“बाई, दहा मिनिटांचं गाणं आहे. आणि हे बघा,” त्यांनी हाताने घराकडून कारंज्याकडे रेघ ओढली. “घराचं दार, पायऱ्या, व्यासपीठ, कारंजं, सगळं एका ओळीत. वरच्या खिडकीतून फोटो घ्यायचाय. तुमच्या वडिलांचाच शिरस्ता पाळलाय आम्ही. दोरी ताणून मध्य काढलाय.”

लेक माझ्याकडे बघायला लागली. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. मागून मॅडम आल्या. त्या हळू बोलल्या, पण सरळ. “मामी, ऊन हे कारण नाही ना? जुन्या नकाशावर इथे विहीर दाखवलीय. दगडांनी भरली, असं पुढे लिहिलंय. भरलीय ना?”

तेवढ्यात फाटकाशी शाळेची गाडी आली. आतून मुलींचा गलका ऐकू यायला लागला. गाडी थांबायच्या आधीच दोघीतिघी दारात उभ्या होत्या आणि समोर एवढी मोठी हिरवळ.

“नाही,” मी म्हटलं. “भरलेली नाही. वर तुळया आहेत आणि त्या कुजल्यात. साहेब, तुम्ही आधी तिथून बाजूला व्हा.”

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत लेक धावत सुटली होती. पंचेचाळीस वर्षांची बाई, साडी दोन्ही हातांनी वर धरून. गाडीच्या दारात दोन्ही हात आडवे लावून ती ओरडली, “एकीनेही खाली उतरायचं नाही! जिथे आहात तिथे बसा!” तिचा शाळेतला आवाज मी कधी ऐकला नव्हता. गाडी एका क्षणात गप्प झाली.

व्यवस्थापक साहेब मात्र जागचे हलले नव्हते. “आजी, दगदग झाली का तुम्हाला? पाणी आणू का?” ते म्हणाले. “तुळया कसल्या? कागदोपत्री स्पष्ट आहे.”

“कागद लिहिणारे गावाला गेले होते,” मी म्हटलं. “माती मी वाहिलीय. तुम्ही उभे आहात ना, तिथलं गवत मी माझ्या हाताने थापलंय.”

मॅडमनी वाद घातला नाही. त्यांनी साहेबांचा दंड धरून त्यांना बाजूला ओढलं, दोन गड्यांना हाक मारली, पहार आणि लांब फळ्या आणायला सांगितल्या. फळ्या गोलाच्या बाहेरून आत सरकवल्या. मग मॅडम फळीवर पालथ्या झाल्या आणि पहार धरून हळूहळू जमीन टोचत पुढे गेल्या. एका ठिकाणी हातभर गेल्यावर फरशीला खणकन लागली. साहेब म्हणाले, “बघा, दगड आहे.” मॅडमनी वीतभर सरकून पुन्हा टोचली. पुन्हा फरशी. तिसऱ्यांदा पहार दोन फरश्यांच्या फटीत गेली, अडकली नाही, थांबली नाही, त्यांच्या हातातून सुटून सरळ आत गेली. गवतात मुठीएवढं भोक उरलं.

मग खालून पाण्याचा आवाज आला. बराच उशिराने आला.

मॅडम पालथ्याच मागे सरकत आल्या. त्या कडेला पोचून उभ्या राहतात तोच गोलाच्या मधली खाटेएवढी जमीन आवाज न करता खाली बसली. व्यासपीठाचे दोन पाय तिच्याबरोबर गेले आणि फळ्या एका अंगावर कलल्या. त्यावर ठेवलेलं फुलांचं भांडं घरंगळत जाऊन त्या खळग्यात गेलं. त्याचा आवाज मात्र मी ऐकला नाही.

साहेब घामाने डबडबले होते. ते पुनःपुन्हा आपल्या बुटांकडे बघत होते. “कुणी केलं हे?” ते म्हणाले. “कुणाचं काम हे?”

“आमच्या ह्यांचं,” मी म्हटलं. “आणि माझं. दगड आमच्या घराला गेले.”

त्यांच्या फाईलवर ह्यांचा फोटो चिकटवलेला होता. त्यांनी तो उलटा करून छातीशी धरला. मला वाईट बोलले नाहीत. बोलले असते तर सोपं गेलं असतं.

खुर्च्या उचलल्या, हिरवळीभोवती दोर बांधले, घर बघायला आलेल्या लोकांना मागच्या बाजूने बाहेर काढलं. कार्यक्रम होणार नाही हे कुणी कुणाला सांगितलं नाही, तरी सगळ्यांना कळलं. मुली महिनाभर गाणं बसवत होत्या. त्यांचे चेहरे बघून लेक म्हणाली, आल्यासारखं म्हणू देत त्यांना. मग गड्यांनी जुन्या बग्गीखान्याचं दार उघडून दिलं. तिथे दोन मोडक्या बग्ग्यांच्या मध्ये मुली ओळीने उभ्या राहिल्या. ऐकायला गाडीचा चालक आणि तिकिटाच्या खिडकीतली बाई.

लेक दारातच उभी होती. मी तिच्याजवळ गेले. भाषणाचा कागद तिच्या हातात नव्हता.

“तुला राग आलाय,” मी म्हटलं.

“आई, मी इतकी वर्षं मुलींना सांगत आले. परीक्षेत चिठ्ठी सापडली की मी त्यांना बाबांची गोष्ट सांगायचे. दोरीची.” तिने डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. “आणि तू मागच्या खोलीत बसून ऐकायचीस. शिकवणीच्या मुली घरी यायच्या तेव्हाही. एकदाही तुला वाटलं नाही?”

“वाटायचं.”

“मग?”

काय सांगायचं? आपलेच दात, आपलेच ओठ. वाईट माणूस नव्हते ते. तीस वर्षं सकाळी त्या गोलाला पाणी घालणारा माणूस वाईट कसा असेल? पण चोवीस मुली त्या फळ्यांवर उभ्या राहिल्या असत्या, तर हे वाक्य मी कुणासमोर बोलले असते?

मॅडम आल्या. त्यांच्या अंगावर पुढून सगळी माती होती. हातात दुसरी पहार आणि एक वही. त्या संकोचत होत्या. “मामी, एक विचारायचंय. पश्चिमेच्या चढावर गुलाबांच्या पायऱ्या आहेत, आणि त्यांच्या बाजूची ती उंच भिंत. तिकीट काढून आलेली माणसं रोज तिथूनच वर जातात. तीही मामांनीच बांधली ना?”

“ह्यांनीच. त्याच वर्षी, लग्नानंतर.”

“त्यालाही तबेल्याचेच दगड वापरायचे होते, असं लिहिलंय.”

मी त्यांच्याकडे बघितलं. पायऱ्यांच्या आत काय घातलं असेल, हे मी आजवर स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

“तुम्ही होता तेव्हा? बघितलंत बांधताना?”

“नाही,” मी म्हटलं. “मी बाळंतीण होते. ही झाली होती.”

मॅडम लेकीकडे बघून खाली बघायला लागल्या. “पक्कंच असेल. इतकी वर्षं काही झालं नाही. तरी बघावं लागेल. तुमची हरकत नसेल तर.”

“पायऱ्यांचं काम चांगलं आहे,” मी घाईने म्हटलं. “पायऱ्यांत त्यांनी कधी...”

“बघा,” लेक म्हणाली. माझ्याकडे न बघता. “सगळं बघा. त्यांनी हात लावलेलं एकूण एक बघा.”

आम्ही तिघी पश्चिमेला गेलो. गुलाब फुलले होते. अकरा पायऱ्या, प्रत्येकीची कड दोरीत. बाजूला डोक्याहून उंच भिंत. मॅडमनी पहिल्या पायरीवर पहार उभी धरली आणि जोराने आपटली. आवाज भरीव आला. वहीत काहीतरी लिहिलं. दुसरी. तीही भरीव. लेक हाताची घडी घालून खाली उभी होती. मागे बग्गीखान्यातून मुलींचं गाणं येत होतं. मध्येच कुणीतरी चुकलं आणि त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

मी भिंतीला तळवा लावून उभी राहिले. प्रत्येक घाव दगडातून माझ्या हातात येत होता. तिसरी पायरी भरीव. चौथी. पाचवी. मला हायसं वाटायला हवं होतं. या माणसाबरोबर मी अडतीस वर्षं संसार केला होता, त्याच्या शेजारी उभी राहून घमेली उचलली होती. या पायऱ्यांतली अर्धी पायरीही भरीव आहे असं मी त्याच्या नावाने छातीठोक सांगू शकत नव्हते. लेकीला सांगायचं तर दूरच, मला स्वतःलाही सांगता येत नव्हतं.

सहावीला मॅडम थांबल्या, पुन्हा एकदा आपटली, कान लावून ऐकलं.

“काय झालं?” लेकीने विचारलं.

“काही नाही. भरीवच आहे. गाण्यामुळे ऐकू येत नव्हतं.”

त्या एक पायरी वर चढल्या. पहार उचलली. मी भिंतीवर तळवा घट्ट दाबला.